घरी परदेशी मूल राहायला येणार असेल तर

आमच्याकडे पहिली एक्स्चेंज स्टुडंट आली ती जर्मनीची, सोळा वर्षांची, ऐन जुलैच्या पावसात. विमानतळावरून कोथरूडला घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी गरम वरणभात वाढला, वर तूप, कडेला लिंबाची फोड. तिने ताट स्वच्छ केलं. मी विचारलं, "अजून थोडा?" ती म्हणाली, "नो, थँक यू." मी वाढला. तिने तोही संपवला. सासूबाई म्हणाल्या, "भूक लागलीय पोरीला, लाजतेय." त्यांनी वाढला. तोही संपला. असे तीन दिवस गेले आणि चौथ्या रात्री पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या.

तिच्या घरची शिस्त अशी की ताटात काही टाकायचं नाही. आमच्या घरची शिस्त अशी की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. दोघांनीही शिस्त पाळली आणि मधल्या मधे तिचं पोट बिघडलं.

त्यानंतर आमच्याकडे ब्राझीलचा एक मुलगा राहून गेला, मग फ्रान्सची एक मुलगी. आता ओळखीत कुणी पहिल्यांदा होस्ट फॅमिली होणार असलं की मला फोन येतो, "काय काय तयारी करू?" लोकांच्या डोक्यातली तयारी म्हणजे नवे पडदे, नवी चादर आणि पास्त्याची पाकिटं. ते सगळं आयत्या वेळी होतं. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. आपलं घर कसं चालतं हे आपल्याला शब्दांत सांगता आलं पाहिजे, आणि ते आपण जन्मात कधी कुणाला सांगितलेलं नसतं.

आधी घरात बोलून घ्या

शाळकरी वयाची मुलं आपल्याकडे येतात ती मुख्यतः रोटरी यूथ एक्स्चेंज किंवा एएफएस या विद्यार्थ्यांची अदलाबदल करणाऱ्या उपक्रमांमार्फत. एएफएसचं मूळ पहिल्या महायुद्धात जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका स्वयंसेवकांत आहे. शाळकरी मुलांची अदलाबदल त्यांनी १९४७ मध्ये सुरू केली. रोटरीची मुलं साधारण १५ ते १८ वयाची, जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि शैक्षणिक वर्षभर राहतात. वर्षात बहुधा तीन घरं होतात, एकेका घरी तीन-चार महिने. वर्षभराच्या कल्पनेने ज्यांना धडकी भरते त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पैसे मिळत नाहीत. राहणं, जेवणखाण तुमचं. शाळेची व्यवस्था आणि दरमहा थोडा हातखर्च यजमान रोटरी क्लबकडून येतो. विमा आणि तिकीट मुलाच्या घरचं. पुष्कळ घरांत आपलं मूल बाहेर जातं आणि त्या वर्षी दुसऱ्याचं मूल आपल्याकडे येतं, पण ते त्याच घरचं असेलच असं नाही.

निवड झाली की संस्थेची माणसं घरी येतात. खोली बघतात, संडास-बाथरूम बघतात, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांशी बोलतात, त्यांची पार्श्वभूमी तपासतात. आमच्या ह्यांना पहिल्यांदा राग आला होता, "आपणच जागा द्यायची आणि आपलीच चौकशी?" मी म्हटलं, आपली पोरगी सातासमुद्रापार अनोळखी घरात पाठवायची असती तर तुम्ही स्वतः टॉर्च घेऊन कपाटाखाली बघितलं असतं. ते गप्प झाले.

स्वतंत्र खोली लागतेच असं नाही, पण स्वतंत्र पलंग लागतो. समवयस्क मुलीची खोली मुलीने आणि मुलाची मुलाने वाटून घेतलेली चालते. आपण पाहुणे आले की हॉलमध्ये गाद्या घालतो, ती सोय इथे उपयोगाची नाही.

दोन गोष्टी मी सगळ्यांना स्पष्ट सांगते. घरात त्या वर्षी दहावी किंवा बारावी असेल तर घेऊ नका. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांची नुसती परवानगी घेऊ नका, त्यांना कामाला लावा. दिवसभर घरात तेच असतात. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या मुलीला मराठी. तरी सगळ्यात जास्त बोलणं त्या दोघींचंच झालं.

कागदपत्रं: पहिले २४ तास आणि पहिले १४ दिवस

परदेशी नागरिक आपल्या घरी राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. हॉटेलं करतात तीच ही नोंद, फक्त घरासाठी. तिला सगळे सी-फॉर्म म्हणतात. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा आला आणि फॉर्मचं नाव बदललं, पण बोलण्यात अजून सी-फॉर्मच आहे.

हे २४ तास म्हणजे नेमके ते, जेव्हा मूल झोपलेलं असतं, शेजारी बघायला आलेले असतात आणि तुमचा ओटा ओसंडत असतो. म्हणून नोंदीच्या संकेतस्थळावर घराच्या पत्त्याचं खातं मूल यायच्या आधीच उघडून ठेवा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो आधीच मागवून घ्या. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत मुलाची स्वतःची नोंदणी करायची असते. तीही आता ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावरून होते. त्यासाठी शाळेचं बोनाफाइड, तुमच्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सी-फॉर्मची प्रत हाताशी असू द्या. संस्थेचे लोक मदत करतात, पण विजेचं बिल कुणाच्या नावावर आहे हे तुम्हीच बघायचं. आमचं सासऱ्यांच्या नावावर होतं, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ऐन घाईत ही गोष्ट उघडकीला आली.

मूल दुसऱ्या घरी गेलं की पत्ता बदलतो, तो कळवायचा. सुट्टीत मामाकडे, आत्याकडे मुक्कामी जाणार असेल तर त्यांनाही नोंदीचं आधी सांगून ठेवा. "आपलेच लोक आहेत" हे कारण संकेतस्थळाला समजत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला पहिल्याच दिवशी मुलाची ओळख करून द्या.

पासपोर्ट कुठे ठेवलाय ते मुलाला आणि तुम्हाला, दोघांनाही माहीत हवं. फोटोकॉपी त्याच्या दप्तरात, मूळ प्रत घरी.

गीझरचं बटण बाहेर असतं

पहिल्या दिवशी घर दाखवताना आपण काय दाखवतो? ही तुझी खोली, हे स्वयंपाकघर, हे बाथरूम. झालं. आमची जर्मन पोरगी चार दिवस गार पाण्याने आंघोळ करत होती. गीझर तिला दिसत होता, पण त्याचं बटण बाथरूमच्या बाहेर, दाराच्या वर असतं हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं भारतात अशीच आंघोळ करतात, आणि तक्रार करणं बरं दिसणार नाही. पाचव्या दिवशी माझ्या मुलाने तिच्यासमोर बटण दाबलं आणि लाल दिवा लागला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

म्हणून बाथरूम दाखवायचं म्हणजे आत जाऊन, हाताने करून दाखवायचं. बादली कुठे भरायची, तांब्या कशासाठी, गीझर किती वेळ आधी लावायचा, कुठला नळ सोसायटीचा आणि कुठला बोअरचा. संडासातला जेट कसा वापरायचा हे सांगताना आपल्याला लाज वाटते, त्यांना वाटत नाही. टॉयलेट पेपर आणून ठेवा आणि तो कमोडमध्ये टाकायचा की डब्यात ते सांगा. बाथरूममधली ओली फरशी वायपरने ओढायची असते हेही सांगण्याचीच गोष्ट आहे.

मुलगी असेल तर पॅड कसे गुंडाळायचे, कुठे टाकायचे हे पहिल्याच दिवशी, बाईने बाईला सांगायचं. पुण्यात कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंनी कागदावर लाल ठिपका काढायची सवय अनेक घरांना लावली आहे, ती तिलाही लावा. ओला-सुका कचरा वेगळा करायला मात्र जर्मन मुलीला शिकवायला जाऊ नका. आमच्या घरच्या दोन डब्यांकडे बघून तिने विचारलं होतं, "बाकीचे डबे कुठे आहेत?"

विजेचं एक सांगते. युरोपातली उपकरणं आपल्याकडच्या दाबावर चालतात, साधा अडॅप्टर पुरतो. अमेरिकेतली मुलं केस सरळ करायची यंत्रं आणतात ती बरेचदा १२० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे २३० असतो. मैत्रिणीच्या घरी असं एक यंत्र पहिल्याच सकाळी धूर सोडून गेलं. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, पण त्यांच्यावर छापलेलं वाचून घ्या.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या बुटांना बुरशी येते. पोरं बिचारी आपलं काहीतरी चुकलं म्हणून घाबरतात.

घराचे नियम लिहून काढा

पहिल्या आठवड्याच्या शेवटी, सगळे घरी असताना, कागद-पेन घेऊन बसा. संस्थेचे स्वतःचे नियम असतात, त्यांतले चार मोठे मुलांना पाठ असतात: दारू नाही, गाडी चालवायची नाही, अमली पदार्थ नाहीत, डेटिंग नाही. यातला दारूचा मुद्दा नीट समजावून सांगावा लागतो. जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर आणि वाइन कायद्याने मिळते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे. तिला घरी आई-बाबांसमोर बिअर प्यायची मुभा होती, म्हणजे ती वाया गेलेली नाही. आणि इथे नाही म्हणजे नाही. दोन्ही वाक्यं एकाच दमात सांगा. गाडीचंही तसंच. आपल्या गल्लीतली सगळी पोरं स्कूटर उडवताना बघून हात शिवशिवतात. मागे बसायचं, तेही हेल्मेट घालून.

हे झाले छापील नियम. अडचण होते ती आपल्या घरच्या, कधीच न छापलेल्या नियमांची. आमचा कागद करायला बसलो तेव्हा आम्हा चौघांचंच एकमत होईना. संध्याकाळी किती वाजता घरी? मी म्हटलं साडेसात, हे म्हणाले आठ, मुलगा म्हणाला, "मला तर कधी कुणी सांगितलंच नाही, तुझा चेहरा बघून कळतं." त्या मुलीला माझा चेहरा कसा वाचता येणार होता?

कागदावर काय असावं ते घराघराचं वेगळं. आमच्याकडे हे निघालं: देवघरात चपला नाहीत. पाण्याच्या सामायिक बाटलीला तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं. एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकायचं नाही, आणि उष्टं म्हणजे काय. बाहेर जाताना कुठे, कुणाबरोबर, केव्हा परत, हे तिन्ही सांगून जायचं. आतले कपडे मशीनमध्ये की हाताने, आणि वाळत कुठे घालायचे. रात्री दहानंतर फोन स्पीकरवर नाही. कामाला येणाऱ्या मावशींना नाव घेऊन हाक मारायची नाही, मावशीच म्हणायचं.

पाळीत देवघरात जायचं की नाही, यावर आमच्याकडे पाऊण तास गेला. सासूबाई एका बाजूला, मी दुसऱ्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तिला काही सांगू नका, मी बघेन." मी म्हटलं, तुम्ही बघाल म्हणजे तुम्ही गप्प बसून कुढाल आणि ती विचारत बसेल, आजी का रागावल्या. जे ठरेल ते तिला तोंडावर सांगायचं. तुमच्या घरी काय ठरवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ती यायच्या आधी ठरवा.

दाराचं प्रकरण वेगळं सांगावं लागेल. ती खोलीत गेली की दार लावून घ्यायची. तिच्या घरी दार लावलेलं असणं ही साधी गोष्ट. आपल्याकडे भरदिवसा दार लावणं म्हणजे रुसणं, नाहीतर आजारपण. सासूबाई दर अर्ध्या तासाने टकटक करायच्या, कधी चहा, कधी बिस्किट, कधी नुसतंच "काय गं?" पंधरा दिवसांनी पोरीने संस्थेच्या काउन्सेलरकडे सांगितलं की घरचे लोक माझ्यावर पाळत ठेवतात. काउन्सेलर प्रत्येक मुलाला असतो, आणि तो मुद्दाम होस्ट फॅमिलीच्या बाहेरचा असतो, तो याचसाठी. त्यांनी हसत हसत आम्हाला फोन केला. तोडगा निघाला तो असा: दुपारी तीन ते पाच दार बंद, कुणी वाजवायचं नाही. पाचला दार उघडायचं आणि चहाला बाहेर यायचं. ती आमच्याकडे होती तोवर टिकला.

आता "नको", "बघू" आणि "चालेल" हे तीन शब्द. आपला पहिला नको हा नकार नसतो, पायरी असते. त्यांचा पहिला नको शेवटचा असतो. आमच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: "एकदा नाही म्हटलं की कुणी वाढणार नाही, हवं असेल तर मागून घ्यायचं." हे सासूबाईंना पाळायला सगळ्यात जड गेलं. वाढायची पळी त्या हातात धरून ठेवायच्या आणि तिच्या ताटाकडे बघत बसायच्या. उलट बाजूने "बघू" हा आपला नकार असतो, हे ब्राझीलच्या मुलाला कुठे माहीत? शुक्रवारी मित्रांना बोलावू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "बघू." त्याने बघितलं आणि सहा जणांना घेऊन आला. चूक माझी होती. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कारण सांगा. मुलांना नकाराचं वाईट वाटत नाही, गोंधळाचं वाटतं.

खाणंपिणं

घरात शाकाहार असेल तर तो मूल यायच्या आधी संस्थेला आणि मुलाच्या घरी कळवा. बाहेर खाल्लेलं चालेल की नाही तेही. पहिले दोन आठवडे फिल्टरचंच पाणी, बाहेरचा बर्फ नाही, रस्त्यावरची चटणी नाही. तरी पोट बिघडतंच. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा आणि दोन दिवसांत थांबलं नाही किंवा ताप आला तर डॉक्टर.

तिखटापेक्षा त्रास होतो तो सकाळच्या गरम, मोहरी-कढीपत्त्याच्या नाश्त्याचा. दुपारी मिसळ चाखून बघणारी मुलं सकाळी सातला पोहे बघून हिरमुसतात. ब्रेड, लोणी, जॅम, केळं एवढं ठेवलं की सकाळ निभते. मग तीच पोरं ऑक्टोबरात थालीपीठ मागतात. दुधावरची साय गाळून द्या. ती आपल्यालाच आवडते.

एखादा रविवार स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात द्या. ब्राझीलच्या मुलाने कंडेन्स्ड मिल्क आणि कोको आटवून त्याचे लाडू वळले, ब्रिगादेरो म्हणतात त्याला. सासूबाईंनी चव बघून निदान केलं: "पाक जरा पुढे गेलाय."

रस्ता, शेजारी, नातेवाईक

गोरी मुलगी लक्ष्मी रोडला नेली की सेल्फी मागणारे येतातच. तिला आधीच सांगा की नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि कुणी खांद्यावर हात ठेवला तर बाजूला व्हायचं, सभ्यता सांभाळत बसायचं नाही. मराठीतला ठणठणीत "नको!" इथे मात्र शिकवून ठेवा.

ब्राझीलचा मुलगा सावळा होता. त्याची अडचण उलटीच. रिक्षावाले, दुकानदार त्याच्याशी धडाधड मराठीत बोलायचे आणि तो उत्तर देईना म्हटल्यावर चिडायचे. एका लग्नात आमच्याच एका नातेवाइकाने त्याच्यासमोर म्हटलं, "हा काही फॉरेनर वाटत नाही." शब्द कळले नाहीत, सूर कळला. नातेवाइकांना मुलाची गाठ घालून देण्याआधी चार गोष्टी बजावा: रंग, वजन, बाबांचा पगार आणि "तुमच्याकडे घटस्फोट फार होतात ना?" हे विषय काढायचे नाहीत. वाईट हेतू नसतो कुणाचा, माहितीय. तरी बजावा.

हाक काय मारायची? मुलं स्वतःच विचारतात. "काकू" सोपं आणि बरोबर. आई म्हणायला लावू नका. तिला तिची आई आहे आणि ती रोज फोनवर असते. हिंदी आधी की मराठी, हा वाद आमच्याकडे झालाच नाही, कारण सासूबाईंना हिंदीही येत नव्हतं.

रिक्षा आणि बससाठी सुट्टे पैसे लागतात. आपण सगळे मोबाइलने पैसे देतो, इथलं बँक खातं नसलेल्या मुलाला ते सहज जमत नाही. दहा-वीसच्या नोटांचं एक पाकीट भरून द्या. पहिल्या दहा दिवसांत शाळेचा रस्ता दोनदा तुमच्याबरोबर, एकदा तुम्ही मागे राहून आणि मग एकटीने. घरचा पत्ता मराठीत लिहिलेली चिठ्ठी दप्तरात.

आजार, कुत्री आणि जे बोलायला जड जातं

विम्याचं कार्ड आणि कंपनीचा नंबर तुमच्या फोनमध्ये हवा. १०८ रुग्णवाहिका, ११२ कुठलीही आणीबाणी, १०९८ मुलांसाठी, हे नंबर मुलाच्या फोनमध्ये. पावसाळ्यात डास, ताप आला की डेंग्यू मनात धरूनच डॉक्टरकडे जा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण ही मुलं त्यांना जवळ घ्यायला धावतात. चावा किंवा ओरखडा, कितीही छोटा असला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. घरी सांगितलं तर रागावतील म्हणून लपवायचं नाही, हे मी दर वेळी हात धरून सांगते.

मूल अठराच्या आतलं असतं. कुणी नको तसं वागलं, मग तो शिक्षक असो, शेजारी असो वा आपला भाऊ, तर ते दाबायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या घराचं नाव, क्लबचं नाव यातलं काही मध्ये येऊ देऊ नका. यावर मला यापेक्षा जास्त लांबण लावायची नाही.

डिसेंबर

पहिला महिना मुलं हवेत असतात. गणपती, ढोल, मोदक, दहा दिवस झोप नाही. दिवाळीचा फराळ होतो. मग सगळं शांत होतं आणि युरोपातल्या मुलांना डिसेंबर लागतो.

जर्मनीत २४ डिसेंबरची संध्याकाळ म्हणजे आपली लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ समजा. त्याआधी महिनाभर मेणबत्त्या, बेकिंग सगळं चालू असतं, आणि ६ तारखेच्या सकाळी मुलांना आपल्या बुटात खाऊ सापडतो. पाच तारखेच्या रात्री आमच्या पोरीने आपला बूट घासूनपुसून खोलीच्या दाराबाहेर ठेवला. का ठेवला ते कुणाला सांगितलं नाही. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, घरात बूट बघून त्यांनी तो उचलला आणि बाहेर चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवला. सकाळी ती रॅकसमोर बूट हातात घेऊन उभी होती आणि रडत होती. आम्हाला वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

तिने सांगितल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी बूट पुन्हा दाराबाहेर होता, त्याखाली वर्तमानपत्राचं पान, आणि आत शेंगदाण्याची चिक्की.

तेव्हा मुलाच्या देशाचे सण आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्यालाच विचारा, त्या दिवशी तुझ्या घरी काय काय असतं. पुण्यात कॅम्पातली चर्च आहेत, बेकऱ्या आहेत. नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थनेला घेऊन जा. घरी फोन किती वेळा करायचा यावर संस्था साधारण मर्यादा सुचवतात, ती पाळलेली बरी. रोज दोन तास आईशी बोलणारं मूल ना इथलं होतं ना तिथलं राहतं. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, साओ पाउलो साडेआठ तास. म्हणजे ब्राझीलच्या आईला लेकाची आठवण येते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. वेळ ठरवून घ्या, नाहीतर मूल शाळेत डुलक्या काढतं.

आपल्या पोटच्या पोराकडेही याच सुमारास बघा. घरी नवीन कुणी आलं की सगळं कौतुक तिकडे वळतं. माझा मुलगा नोव्हेंबरात एकदा म्हणाला, "तिने स्वतःचं ताट घासलं तर फोटो काढतेस. मी गेली चार वर्षं घासतोय."

सामान बांधताना

पुढच्या घरी जायची तारीख महिनाभर आधी सांगा. मुलं दुसऱ्या घरी जायला घाबरतात, कारण पुन्हा नवा कागद, नवे नियम. पुढच्या होस्ट आईला आपल्या घरी जेवायला बोलवा आणि मुलासमोरच सगळं सांगा: सकाळी ब्रेड, तीन ते पाच दार बंद, एकदा नको म्हटलं की नको. आमच्याबद्दल काही सांगायचं असेल तर तेही मुलाला सांगू द्या. शेवटी मायदेशी जाताना सामान वजनावर असतं, २३ किलोची बॅग असेल तर पितळी समई, लोणच्याची बरणी आणि दोन किलो चिवडा त्यात मावत नाही. आठवण द्यायचीच तर हलकी द्या.

आणि एक काम उरतं. मूल घरातून गेलं की तीही नोंद २४ तासांत करायची असते. ती गेली त्या रात्री मी जेवणं उरकून लॅपटॉप उघडला. आल्याची तारीख आधीच भरलेली होती. जाण्याची भरली. पुढे कुठे गेली, असा एक रकाना होता. ती गेली होती औंधला, आमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, आणि रविवारी जेवायला येणार होती. मी "पुणे" लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.